पाइप सदोष होता, म्हणजे नेमकं काय झालं होतं?

मुख्य जलवाहिनी फुटली, रस्त्यावर कारंजं उडालं, अर्ध्या शहराला दोन दिवस पाणी नाही. संध्याकाळपर्यंत आरोप येतो की ठेकेदाराने निकृष्ट पाइप पुरवले. दुसऱ्या दिवशी चौकशीचे आदेश निघतात. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरातल्या माणसाला ही बातमी तोंडपाठ आहे. मात्र चौकशीत नेमकं काय तपासतात, हे सहसा कुणी सांगत नाही. फुटलेल्या लोखंडाकडे बघून ते मुळातच वाईट होतं की नंतर वाईट झालं, हे कळतं का?

कळतं, बऱ्याच अंशी कळतं. ते कसं, हे समजून घ्यायला मी दीडशे वर्षं मागे जाणार आहे. ब्रिटिश वसाहतींत धरणं आणि नळयोजना उभ्या राहत होत्या तेव्हा हा प्रश्न फार तीव्र होता, कारण पाइप बनायचा एका खंडात आणि पुरला जायचा दुसऱ्या. मधे कित्येक महिन्यांचा समुद्रप्रवास. लेखाच्या उत्तरार्धात पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका योजनेची गोष्ट आहे. पाइपची चौकशी माणसांच्या चौकशीत कशी विरघळते, हे तिथे फार स्पष्ट दिसतं.

आधी स्वयंपाकघरातला एक कप घ्या.

## तड्याचं वय

चहाच्या कपाला बारीक तडा गेलेला असतो. आपण तो तसाच वापरतो. एक दिवस कप हातात फुटतो. तुकडा उचलून कडेकडे बघा. जिथे जुना तडा होता तिथे कड तपकिरी असते, कारण महिनोन्महिने तिथे चहा मुरलेला असतो. आज नव्याने तुटलेली कड पांढरीशुभ्र असते. कप आज फुटला, पण तडा आजचा नाही, हे तो तुकडाच सांगतो.

बिडाच्या पाइपचंही हेच. बीड म्हणजे ओतीव लोखंड, साच्यात ओतून घडवलेलं. ते कडक असतं पण ठिसूळ. वाकत नाही, तडकतं. एकोणिसाव्या शतकात मोठे पाइप बहुतेक बिडाचेच असत. कारखान्यातून बाहेर पडण्याआधी पाइप तापवून डांबराच्या गरम मिश्रणात बुडवत. मँचेस्टरचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट अँगस स्मिथ यांनी १८४८ साली काढलेली ही पद्धत पुढे जगभर रूढ झाली. हेतू गंज रोखण्याचा होता, पण चौकशी करणाऱ्यालाही त्यातून एक साक्षीदार मिळाला. फुटलेल्या कडेवर तड्याच्या आत डांबर उतरलेलं दिसलं, तर तडा बुडवण्याआधीचा, म्हणजे कारखान्यातला. डांबर नाही पण तांबूस गंज आहे, तर तडा कारखाना सोडल्यानंतरचा, पण फुटण्याच्या बराच आधीचा. जहाजात पडला असेल किंवा धक्क्यावर, गोदामात, बैलगाडीतून उतरवताना. आणि कड करडी, चकचकीत, ताजी असेल तर पाइप त्या क्षणापर्यंत अखंड होता आणि काहीतरी आत्ताच घडलं.

दुसरी खूण आवाजाची. माठ विकत घेताना आपण बोटाच्या पेराने टकटक करतो. चांगला माठ खणखणतो, तडा गेलेला भदभद वाजतो. पाइप टांगून किंवा लाकडी ओंडक्यांवर ठेवून हातोडीने ठोकायचा आणि कान लावायचा, ही तपासणी कारखान्यातही होत असे आणि बंदरावर माल उतरल्यावरही. ती दोन्हीकडे का करायची, ते पुढे येईल.

## कारखान्यात काय बिघडतं

पाइप ओतायचा म्हणजे वाळूचा साचा करायचा आणि त्याच्या मधोमध वाळूचाच एक लांब गाभा ठेवायचा. साचा आणि गाभा यांच्यामधल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. थंड झालं की वाळू काढून टाकायची.

साचा आडवा ठेवला तर गंमत होते. गाभा वाळूचा, म्हणजे लोखंडापेक्षा हलका. पाण्यात ओंडका तरंगतो तसा तो वितळलेल्या लोखंडात वर उचलला जातो. गाभा थोडा जरी वर सरकला तरी पाइपची वरची बाजू पातळ होते आणि खालची जाड. शिवाय लोखंडातली मळी आणि हवेचे बुडबुडेही वरच चढतात. म्हणजे जी बाजू पातळ, तीच नेमकी स्पंजासारखी भुसभुशीतही. पुरणपोळी एका कडेला पातळ लाटली आणि त्याच कडेला पुरणाचा खडा आला, तर ती कुठून फुटणार हे सांगावं लागत नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चांगल्या कारखान्यांत साचे उभे ठेवून पाइप ओतू लागले. मळी वरच्या टोकाला जमते आणि ते टोक कापून टाकता येतं.

असा एका बाजूला पातळ पाइप ओळखायचा कसा? वजन करून कळणार नाही, कारण एकीकडे कमी झालेलं लोखंड दुसरीकडे गेलेलं असतं. एकूण वजन बरोबर येतं. मात्र दोन सरळ रुळांवर तो पाइप हलकेच लोटून सोडला, तर प्रत्येक वेळी त्याची जड बाजू खाली येऊन थांबते. एवढी साधी युक्ती पुरते.

पातळ बाजू इतकी घातक का, यासाठी थोडा हिशेब. शंभर मीटर उंचीवर टाकी आहे, म्हणजे साधारण तीस मजली इमारतीच्या गच्चीवर. खाली पाइपमध्ये दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० किलो दाब. पाइपचा व्यास ७६ सेंटिमीटर धरा, म्हणजे ३० इंच. मनातल्या मनात पाइप उभा चिरून दोन अर्धगोल करा. पाणी ते दोन अर्धगोल एकमेकांपासून दूर ढकलत असतं. एक मीटर लांबीच्या तुकड्यात हा जोर ७६ टन भरतो. तो दोन्ही बाजूंच्या भिंतींनी मिळून पेलायचा, म्हणजे दर भिंतीवर ३८ टन. पाइपच्या लांबीच्या दिशेने पडणारा ताण याच्या निम्मा असतो. म्हणून नुसत्या दाबाने फुटणारा पाइप बहुधा उभा चिरतो. लांब वांगं भाजताना साल उभी फाटते, त्याचं कारणही हेच. उलट पाइप काकडीच्या चकतीसारखा आडवा तुटला असेल, तर दाबापेक्षा वाकण्याचा संशय घ्यायचा. खालची माती खचली, वरून जड वाहन गेलं, किंवा पाइप नीट बैठक न देता दगडावर टेकवला. चीर कोणत्या दिशेला गेली, हे बघताच निम्मी चौकशी मार्गी लागते.

## विलायतेत तपासून पाठवत नव्हते का?

पाठवत होते. तरीही वाद व्हायचेच.

मुंबईचंच बघा. शहराची पहिली मोठी नळयोजना, हेन्री कोनीबेअर यांच्या आराखड्याची विहार तलावाची योजना, १८५६ साली सुरू झाली आणि १८६० साली तिचं पाणी शहरात आलं. तिचे बिडाचे पाइप समुद्रमार्गे विलायतेहून आले. तेव्हा मुंबईत आजच्यासारख्या गोद्या नव्हत्या. ससून डॉक १८७५ चा, प्रिन्सेस डॉक १८८० चा. म्हणजे जहाज खोल पाण्यात नांगरायचं आणि माल मचव्या-पडावांतून किनाऱ्याला आणायचा. काही टन वजनाची ठिसूळ नळी जहाजातून हलत्या होडीत, होडीतून धक्क्यावर, धक्क्यावरून गाड्यावर. दर ठिकाणी साखळदंड, दर ठिकाणी एक आपट.

आता पैशाचा मार्ग बघा. दूरच्या खरेदीत कारखान्याला पैसे मिळत ते माल जहाजात चढल्याच्या कागदपत्रांवर. पाइप वसाहतीत पोचून कुणी तो पाहण्याच्या कितीतरी आधी. लंडनमधल्या वसाहतींसाठी खरेदी करणाऱ्या कार्यालयांचे आणि सल्लागार अभियंत्यांचे निरीक्षक कारखान्यात जाऊन माल पास करत. एकदा त्यांचा शिक्का बसला की कारखानदार म्हणणार, तुमच्याच माणसाने पास केला. जहाज कंपनी म्हणणार, आम्ही उचलला तेव्हाच तडकलेला असेल. जागेवरचा अभियंता म्हणणार, मला असाच मिळाला. तिघांचंही म्हणणं एकाच वेळी खरं वाटू शकतं.

म्हणून हातोडीची टकटक दोन्ही टोकांना करायची. कारखान्यात खणखणला आणि बंदरावर भदभदला, तर मधे काय झालं ते उघड आहे. पण बंदरावर ठोकून पाहायचं कुणी विसरलं आणि पाइप तसेच जमिनीत गेले, तर पुढे कुठल्याच चौकशीला तो टप्पा वेगळा काढता येत नाही. माझ्या मते सदोष पाइपच्या बहुतेक चौकश्या इथेच फसतात. पुरावा नष्ट कुणी केलेला नसतो, तो गोळाच केलेला नसतो.

## सोन्याच्या खाणी आणि ५३० किलोमीटर नळी

१८९२ साली पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात कूलगार्डीला आणि १८९३ साली शेजारच्या कालगुर्लीला सोनं सापडलं. माणसं लोटली. पाणी मात्र नव्हतं. खाऱ्या पाण्याची वाफ करून पिण्याचं पाणी बनवत आणि ते महाग विकत. टायफॉइडने माणसं मरत होती. त्या वसाहतीचे मुख्य अभियंता होते चार्ल्स येल्व्हर्टन ओकॉनर. जन्म आयर्लंडचा, न्यूझीलंडमध्ये काम केलेलं, फ्रीमँटल बंदर बांधलेलं. त्यांनी सुचवलं की पर्थजवळच्या डोंगरात हेलेना नदीवर धरण बांधायचं आणि आठ पंपिंग स्टेशनांनी पाणी ढकलत ५३० किलोमीटर आत न्यायचं. आपल्या हिशेबाने, मुंबईच्या वेशीवरून पाणी उचलून जवळपास शेगावला पोचवायचं, आणि तेही सुमारे ३०० मीटर चढ चढून. रोज ५० लाख गॅलन, म्हणजे सव्वादोन कोटी लिटरहून अधिक. १८९६ साली २५ लाख पौंडांच्या कर्जाला मंजुरी मिळाली. लोकांनी वेड्यात काढलं ते वेगळंच.

इथे बीड चालणार नव्हतं. इतक्या अंतराला ते फार जड आणि फार महाग. पोलादी पत्रा वाकवून पाइप करायचा, तर त्याची उभी शिवण कशी घालायची? तेव्हाची रीत रिव्हेटची, म्हणजे पत्र्याला भोकं पाडून खिळे ठोकायचे. पण भोकं पाडली की पत्रा कमजोर होतो आणि रिव्हेटची डोकी आत पाण्याला अडवतात. मेलबर्नचे मेफन फर्ग्युसन यांनी वेगळी शिवण काढली होती, लॉकिंग बार. दोन अर्धगोल पत्रे घ्यायचे, त्यांच्या कडा दाबून थोड्या जाड करायच्या, आणि दोन्ही बाजूंना खाच असलेल्या लांब पोलादी पट्टीत त्या बसवून पट्टी प्रचंड दाबाने आवळायची. सरकत्या झाकणाची लाकडी पेटी आठवा. झाकणाची कड खाचेत बसते आणि वर निघत नाही. तशीच ही खाच, फक्त कायमची मिटवलेली. रिव्हेट नाही, भोक नाही, आतून गुळगुळीत.

१८९८ साली कंत्राट फर्ग्युसन आणि सिडनीच्या हॉस्किन्स बंधूंमध्ये वाटून दिलं गेलं. पत्रे जर्मनीहून आणि अमेरिकेहून आले, पाइप मात्र पर्थच्या आसपासच्या कारखान्यांत वळले गेले. यात शहाणपण होतं. पोकळ पाइप जहाजातून आणणं म्हणजे हवेचं भाडं भरणं, सपाट पत्रे एकावर एक रचता येतात. शिवाय मघाशी सांगितलेला प्रवासातल्या तड्याचा घोळही टळला. तयार पाइपची चाचणी जिथे तो पुरायचा त्याच मुलखात होत होती. प्रत्येकी २८ फुटांचे, ३० इंच व्यासाचे सुमारे ६० हजार पाइप झाले.

## साठ हजार सांधे

साठ हजार पाइप म्हणजे जवळजवळ तितकेच सांधे. दोन पाइपांची तोंडं एकमेकांना भिडवायची, वरून पोलादी कडं चढवायचं, आणि कडं व पाइप यांच्यामधल्या फटीत वितळलेलं शिसं ओतायचं. शिसं थंड होताना आकसतं. म्हणून ते बोथट छिन्नीने आणि हातोड्याने सगळीकडून ठोकून फटीत घट्ट बसवावं लागतं. याला कॉकिंग म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या नळवाल्यांनी बिडाच्या लाइनीवर हेच काम केलं आहे.

एका सांध्याचा घेर साधारण २.४ मीटर. साठ हजार सांध्यांची ही शिशाची रेषा सरळ केली, तर मुंबईहून निघून लोणावळ्याच्या पुढे जाईल. आणि ती इंच-इंच माणसाच्या मनगटाने ठोकायची, उघड्या चरात, वाळवंटातल्या उन्हात. इंचभर जागा राहिली तरी गळती. पाइप कितीही उत्तम असो, कारखान्याची चाचणी या सांध्याबद्दल एक अक्षरही सांगू शकत नाही, कारण कारखान्यात तो सांधा अस्तित्वातच नसतो.

हाताने काम फार हळू होत होतं. म्हणून शिसं ठोकणारं यंत्र आणलं गेलं. या यंत्राचं कंत्राट कसं दिलं, कुणाला दिलं, कामावरच्या कुणाचे त्यात काय हितसंबंध आहेत, यावरून रान पेटलं.

## चौकशी झाली ती कशाची?

१९०२ साली योजनेच्या कारभारावर शाही आयोग नेमला गेला. पर्थच्या वर्तमानपत्रांतून मुख्य अभियंत्यावर भ्रष्टाचाराचे आरोप आधीपासून चालू होते. १० मार्च १९०२ रोजी ओकॉनर यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत त्यांनी लिहिलं होतं की कूलगार्डीची योजना ठीक आहे, संधी मिळाली आणि खोट्या आरोपांपासून संरक्षण मिळालं तर ती मी पुरी करू शकलो असतो. आणि त्याच चिठ्ठीत धरणाच्या बाजूच्या भिंती ताबडतोब बांधून घ्या, अशी कामाची सूचना होती. हे वाचून मी दर वेळी थांबतो.

आयोगाला त्यांच्याविरुद्ध वैयक्तिक भ्रष्टाचाराचा पुरावा मिळाला नाही. दहा महिन्यांनी, २४ जानेवारी १९०३ रोजी, कालगुर्लीला योजनेचं उद्घाटन झालं.

मला इथे एक गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. कंत्राट कसं दिलं याची चौकशी करणं योग्यच होतं. सार्वजनिक पैसा होता, प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण कंत्राट स्वच्छ आहे का आणि सांधा घट्ट आहे का, हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर कागदपत्रांत असतं, दुसऱ्याचं चरात. कंत्राटात घोळ असूनही सांधे उत्तम असू शकतात, आणि कागद निष्कलंक असूनही पाइप गळू शकतो. तिथे लोकांनी पहिल्या प्रश्नाचा संशय दुसऱ्याचं उत्तर म्हणून वापरला. आपल्याकडे आजही तेच होतं, दोन्ही दिशांनी. ठेकेदार बदनाम असला की पाइप न बघताच सदोष ठरतो. ठेकेदार वजनदार असला की पाइप न बघताच निर्दोष ठरतो.

## मग तो पाइप खरंच चांगला होता का?

योजना चालू झाली तेव्हा पाइपने आपलं काम केलं. पण काही वर्षांतच गंजाने डोकं वर काढलं, बाहेरून आणि आतूनही. गळत्या वाढल्या, वाहून येणारं पाणी घटू लागलं, तज्ज्ञांना बोलवावं लागलं.

बाहेरचं कारण जमिनीत होतं. पाइप चरात पुरला होता, आणि त्यालाही कारण होतं. पोलाद तापलं की लांबतं. तापमानात ३० अंशांचा फरक धरला तर ५३० किलोमीटर पोलाद जवळपास १९० मीटर लांबतं. वाळवंटात उघड्यावर ठेवलेली लाइन रोज दुपारी ताणली जाणार, रोज रात्री आकसणार, आणि शिशाचे सांधे सैल होणार. जमिनीखाली तापमान स्थिर राहतं. म्हणून पुरला. पण त्या वाटेवर ठिकठिकाणी जमीन खारट होती. ओल्या खारट मातीतलं पोलाद म्हणजे एक घट, बॅटरीच म्हणा. टॉर्चमध्ये विसरलेला सेल फुटून पाझरतो तेव्हा त्याचं धातूचं आवरण खाल्लं गेलेलं असतं, तसंच. पाइपच्या एका भागाभोवती घट्ट ओली चिकणमाती, दुसऱ्या भागाभोवती कोरडी हवेशीर माती. या फरकामुळे बारीकसा विद्युतप्रवाह वाहतो, आणि जिथून तो धातू सोडून मातीत शिरतो तिथलं लोखंड झिजत जातं. झीज सगळीकडे सारखी नसते. ती एका ठिकाणी खोल खड्डा पाडते. म्हणजे पाइपचा जवळजवळ सगळा भाग ठणठणीत आणि एका जागी सुईचं भोक.

आतलं कारण पाण्यात विरघळलेली हवा. तिच्यातल्या प्राणवायूने आतल्या पृष्ठभागावर गंजाच्या गाठी धरतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या इमारतीची जुनी दीड इंची लाइन बदलली, तेव्हा प्लंबरने कापलेला एक तुकडा माझ्या हातात दिला. बाहेरून धडधाकट. आत बघितलं तर तपकिरी गाठींच्या मधून जेमतेम पेन्सिल जाईल एवढी वाट. तीन वर्षं आम्ही पंपाला शिव्या देत होतो.

इथे एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. पाइपचा आतला व्यास फक्त एक दशांश कमी झाला, तरी तेवढ्याच दाबाने जाणारं पाणी जवळजवळ एक चतुर्थांश कमी होतं. व्यास निम्मा झाला तर पाणी सहाव्या हिश्श्यावर येतं. म्हणून न फुटता, न गळतासुद्धा पाइप निकामी होऊ शकतो.

कूलगार्डीच्या पाण्यातली विरघळलेली हवा काढून पाहिली, चुना मिसळून पाहिला. पुढे १९३० च्या दशकात लाइनीचा मोठा भाग जमिनीतून उकरून वर घेतला गेला आणि सांधे वेल्डिंगने जोडले गेले. वेल्ड केलेल्या सलग लाइनीत सैल व्हायला शिशाचा सांधाच उरत नाही, म्हणून आता ती उन्हात ठेवणं परवडत होतं.

आता सांगा, हा पाइप सदोष होता का? पत्रा ठीक होता. लॉकिंग बारची शिवण ठीक होती. उष्णतेच्या दृष्टीने पुरण्याचा निर्णयही ठीक होता. चूक झाली ती पाइप आणि जमीन यांच्या जोडीत, आणि ती दिसायला काही वर्षं जावी लागली. १९०२ चा आयोग कितीही प्रामाणिक असता तरी त्याला ही सापडली नसती, कारण तेव्हा ती जन्मायची होती.

## चाचणी पास झाली होती, मग दोष कसा?

हा आक्षेप दर चौकशीत येतो. कारखान्यातली दाबाची चाचणी काही मिनिटांची असते. पाइपला जगायचं असतं पन्नास वर्षं. चाचणी सांगते की आज, या दाबाला, हा एकटा पाइप फुटला नाही. खारट मातीबद्दल, सांध्याबद्दल, प्रवासाबद्दल ती काहीच सांगत नाही. आणि वापराबद्दलही नाही. वाहतं पाणी झटक्यात अडवलं की काय होतं? लोकलने अचानक ब्रेक लावला की डब्यातली गर्दी एकमेकांवर आदळत पुढे ढकलली जाते, तसं कित्येक टन पाणी व्हॉल्व्हवर आदळतं. दाब क्षणात कित्येक पटींनी चढतो. याला वॉटर हॅमर म्हणतात. पंप अचानक बंद पडला, व्हॉल्व्ह घाईने फिरवला, आणि चांगला पाइप फुटला, असं होतं. तेव्हा पुरवठादाराला धरून उपयोग नाही. त्या वेळी वीज गेली होती का, व्हॉल्व्ह कुणी किती वेळात बंद केला, ती नोंद मागवायला हवी.

## हे सगळं ठेकेदाराला वाचवण्यासाठी तर नाही?

उलट आहे. ठेकेदार सुटतो तो पुरावा ढोबळ असल्यामुळे. पाइप निकृष्ट होते, एवढंच अहवालात असेल तर त्याचा वकील जमिनीवर, मजुरांवर, पंपावर बोट दाखवून मोकळा होतो. पण तड्यात डांबर उतरलेलं आहे, एका बाजूची जाडी ठरल्यापेक्षा इतकी कमी आहे, आणि त्याच दिवशी ओतलेल्या दुसऱ्या पाच पाइपांतही तेच आहे, असं दाखवलं की पळवाट उरत नाही. यातली शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. एक पाइप फुटला तर अपघात म्हणता येतो. एकाच घाण्यातले पाच फुटले की कारखान्याला उत्तर द्यावं लागतं. आणि उलट, वेगवेगळ्या कारखान्यांचे पाइप एकाच दोनशे मीटरच्या पट्ट्यात गळत असतील, तर आधी माती तपासायला घ्यावी.

आज पाइप बदलले आहेत. शहरांच्या मोठ्या लाइनींत आतून सिमेंटचा थर दिलेले डक्टाइल आयर्नचे पाइप असतात. ते बिडाचेच भाऊ, पण ठिसूळपणा काढलेले. गावांच्या योजनांत काळे एचडीपीई, म्हणजे घट्ट प्लास्टिकचे, पाइप. पहिल्यासाठी आयएस ८३२९ हे भारतीय मानक आहे, दुसऱ्यासाठी आयएस ४९८४. तपासणीचं काम थर्ड पार्टी इन्स्पेक्शनचं, म्हणजे ना विकणाऱ्याच्या ना घेणाऱ्याच्या माणसाने केलेली तपासणी. पाइपवर उत्पादकाचं चिन्ह आणि बॅच क्रमांक उमटवलेला असतो. प्लास्टिक गंजत नाही, पण सांधा कच्चा वितळवला तर तो सुटतो, आणि खाली टोकदार दगड राहिला तर तिथे चीर जाते. शिशाच्या जागी वेल्डिंगची हीटिंग प्लेट आली, मनगटावरचा भरवसा तसाच राहिला.

## तुमच्या गावात लाइन फुटली तर

सगळ्यात आधी तो तुकडा वाचवा. दुरुस्तीच्या घाईत फुटलेला भाग कापला जातो आणि संध्याकाळपर्यंत भंगारात जातो. पाणी सुरू करणं गरजेचंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण कापण्याआधी जागेवर फोटो काढायला पाच मिनिटं लागतात. चीर उभी की आडवी, वरच्या बाजूला की खालच्या, पाइपखाली वाळूची बैठक होती की दगड, बॅच क्रमांक काय. तुकड्याच्या कडा पुसू नका, धुऊ नका, तसाच कोरड्या पोत्यात गुंडाळून ठेवा. आजूबाजूची थोडी माती पिशवीत भरून घ्या. मग ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत माहितीच्या अधिकारात तीन कागद मागा. कारखान्यातल्या तपासणीचा अहवाल, जागेवर माल उतरवून घेतानाची नोंद, आणि लाइन टाकल्यावर झालेल्या दाब-चाचणीची नोंद. पहिला कागद बहुतेक वेळा मिळतो. दुसऱ्या आणि तिसऱ्यासाठी चिकाटी लागेल.

कूलगार्डीची लाइन अजून चालू आहे. २००९ साली अमेरिकेतल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने तिला आंतरराष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला. पर्थहून पूर्वेला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने ती बरोबर धावत असते, आणि काही ठिकाणी जुन्या पाइपांच्या अंगावर दोन्ही बाजूंना लांबच लांब गेलेली लॉकिंग बारची उंच शिवण आजही हाताला लागते.